इक्वाडोरचं घड्याळ

"इथं फार उकडतंय गं," भूपेंद्र म्हणाला, आणि त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

पापणी लवते तेवढाच वेळ ती पडद्यावर होती. कोकिळाला आधी वाटलं, आपल्याच चहाची. जानेवारीतली सकाळ, सव्वासहा वाजलेले, जळगावावर अजून काळोख. अंगावर शाल घेऊन ती ओट्याशी उभी होती, मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवलेला आणि हातात कप. तिनं कप लांब सरकवला. "पंखा लावूनही घाम निघतो," तो पुढं म्हणाला, आणि पुन्हा एक पांढरा धागा त्याच्या ओठांतून सुटला, मागच्या पिवळ्या बल्बच्या उजेडात उलगडला, विरला. तिनं हळूच स्वतःचा श्वास सोडून पाहिला. तसाच धागा. फ्रिजच्या वर भिंतीवर दोन घड्याळं होती. वरचं घरचं, आणि खालच्यावर दिपमालानं, त्यांच्या आठवीतल्या लेकीनं, बाप निघाला त्या दिवशी कागद चिकटवला होता, 'पप्पा'. त्या घड्याळात पावणेआठ झाले होते, तेही कालच्या संध्याकाळचे. पृथ्वीच्या ऐन कमरेवर बसलेल्या इक्वाडोर देशातली, केळीच्या मुलखातली, उकाड्याची संध्याकाळ. कोकिळानं विचारलं, जेवलात का. तो म्हणाला, आत्ताच. फोन ठेवल्यावर तिनं चहा बेसिनमध्ये ओतला आणि कप विसळत राहिली. बऱ्याच वेळानं तिला कळलं की कप केव्हाच स्वच्छ झालाय आणि पाणी नुसतं वाहतंय.

जूनमध्ये तो गेला तेव्हा अमळनेरच्या अलीकडच्या त्याच्या गावात चौकात अभिनंदनाचा फलक लागला होता. ठिबकच्या कंपनीत बारा वर्षं नळ्या अंथरलेला माणूस आता समुद्रापलीकडच्या बागांत नळ्या अंथरणार, दोन वर्षं. शाल झाली, नारळ झाला, शाळेतल्या पोरींनी लेझीम केलं. नवल आबा, तिचे सासरे, त्या दिवसापासून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ सांगू लागले. "मना पोऱ्याकडे आते रात शे," असं भर उन्हात सांगताना त्यांच्या तोंडावर अशी माया यायची, जणू तिकडची रात्र त्यांनीच पांघरूण घालून निजवली आहे. शेतीच्या विजेचं तर गावात वेगळंच पंचांग. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आबा गव्हाला पाणी भरायला जात, दिवसा झोपत आणि सुनेला फोनवर सांगत की या आठवड्यात माझं नि भूप्याचं घड्याळ एकच. आणि दर फोनला पहिला प्रश्न ठरलेला, तठे कितला वाजनात. कोकिळा 'पप्पा' घड्याळाकडं बघून सांगायची. साडेदहा तास मागं. वजाबाकी करायला आबांना फार आवडायचं.

पहिले पाच महिने फोन सकाळी साडेसातला यायचा, तिकडचे रात्रीचे नऊ. हिच्या खिडकीत ऊन, त्याच्या खिडकीत रात्र. तो जेवून निवांत बसलेला, दिपमाला वेणी घालता घालता मधेच तोंड खुपसायची. तेव्हा तो किती सांगायचा! की इथं बाराही महिने दिवस बारा तासांचा आणि रात्रही तेवढीच, सूर्य रोज सहानंतर थोड्या वेळानं उगवतो, डिसेंबर असो की मे. त्याला ना आळस ना घाई. की घडावर निळी पिशवी चढवतात आणि दर आठवड्याच्या घडाला वेगळ्या रंगाची फीत बांधतात. फितीच्या रंगावरून कापणीचं वय कळतं. की कापलेले घड तारेला लटकून एकामागं एक बागेतून चालत येतात, वऱ्हाड निघावं तसे. कोकिळा विचारायची, आणि थंडी? तो हसायचा. थंडी हा शब्दच इथल्या केळीला माहीत नाही. मग देवदिवाळीच्या सुमारास एकदा आठ दिवस फोनच आला नाही. आला तो पहाटे सहाला. पाळी बदलली, म्हणाला. तेव्हापासून दिपमाला झोपेतच असायची, आणि खिडकी कधी दिसली नाही. एक पिवळा बल्ब, मातकट भिंत, आणि हळूहळू वाढत गेलेली दाढी.

संशय काही एकदम येत नाही. रोपाला बुरशी लागते तसा तो येतो. कोकिळा टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये होती, केळीची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या. दिवसभर ज्योतीपुढं बसून हिरव्या गाभ्याचे तुकडे करायचे आणि बाटल्यांत ठेवायचे. हजार बाटल्या निर्मळ दिसतात आणि एकीच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका असतो. तो आज दिसला तर उद्या बाटली फेकायची, नाहीतर शेजारच्या दहा जातात. वाफेचा तो धागा तिच्या डोळ्यात असा ठिपक्यासारखा बसला. बाई असेल, हे पहिलं मनात आलं. का आलं, ते तिचं तिलाच कळेना. वाफेचा आणि बाईचा संबंध काय? पण मन एकदा पायरीवरून घसरलं की मधल्या पायऱ्या मोजत नाही. पुढच्या फोनला ती बोलत कमी आणि ऐकत जास्त होती. तो पाऊस सांगत होता, डास सांगत होता. आणि त्याच्या मागं कुठंतरी, भिंतीपलीकडं, काचेच्या बांगड्या वाजल्या. एकदाच. मग लांबून बाईचा आवाज आला, "भाऊ, च्या थंडा व्हई ऱ्हायना."

त्यानं फोन कापला. दोन मिनिटांनी त्याचा निरोप आला, रेंज गेली.

लॅबमध्ये त्या दिवशी तिच्या हातून चाकू दोनदा सुटला. भाऊ म्हणाली. पण भाऊ तर बाई कुणालाही म्हणते. दूधवाल्याला म्हणते, कंडक्टरला म्हणते. तिकडं आपल्याकडची माणसं असतीलही, एखाद्या कामगाराची बायको, का असू नये? असा वकील ती त्याच्या बाजूनं उभा करायची आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच त्याला खाली बसवायची. वाढीच्या खोलीत मांडण्यांवर बाटल्या ओळीनं असत, ट्यूबलाइटच्या उजेडात. तिथं सोळा तास दिवस, आठ तास रात्र. सूर्याचं काम टायमर करायचा. बाहेर दुपार असो, अमावास्या असो, त्या रोपांना काचेबाहेरचं काहीच ठाऊक नसतं. जो उजेड दाखवू तोच दिवस. आपल्यालाही कुणीतरी असंच मांडणीवर ठेवलंय, तिला वाटलं. कुणीतरी बटण दाबतं आणि आपण म्हणतो, संध्याकाळ झाली.

तिनं कॅलेंडरवर फोनची वेळ लिहायला सुरुवात केली, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, बारीक पेन्सिलीनं. आपण का लिहितोय हे तिला सांगता आलं नसतं. जानेवारी संपताना सव्वासहा. फेब्रुवारीत सहा वाजून पाच. मग सहा. मग पावणेसहा. पोरीला शाळेच्या प्रकल्पासाठी तिथल्या घडाचा फोटो हवा होता, तो त्यानं पाठवला तेव्हा कोकिळा तो मोठा करून करून बघत बसली. निळी पिशवी नव्हती, फीत नव्हती. आणि घड झाडाच्या गळ्यात अडकला होता. अर्धा बाहेर, अर्धा आत, मान मोडल्यासारखा. पानांच्या कडा पिवळ्या करपलेल्या. कडाक्याच्या थंडीत निसवणाऱ्या, म्हणजे घड बाहेर टाकणाऱ्या, केळीचं असं होतं. तिच्या तालुक्यातला शेंबडा पोरगाही सांगेल. शेतकरी मग पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून बागेला धुराची ऊब देतात. ज्या केळीला थंडी हा शब्द माहीत नाही, तिच्या गळ्यात घड अडकला कसा? बारा वर्षं केळीत काढलेल्या माणसाला हे दिसलं नसेल? की आपल्याला दिसणार नाही असं त्याला वाटलं? याचाच तिला जास्त राग आला. लबाडी केली ती केली, पण आपल्या बायकोला केळ कळत नाही असं धरून चालला हा माणूस.

एका रविवारी ती मार्च उलटून बघत होती, पाडवा कधी आहे म्हणून, आणि तिची नजर तारखेखालच्या बारीक अक्षरांवर गेली. सूर्योदय. आठवड्याआठवड्याची वेळ छापलेली. तिनं आपल्या पेन्सिलीच्या वेळा आणि त्या वेळा एकमेकांशेजारी वाचल्या. सूर्योदय दहा मिनिटं अलीकडं आला की फोन दहा मिनिटं अलीकडं येत होता. पाठलाग चालल्यासारखा. सूर्य मागं, फोन पुढं. जिथं सूर्य वर्षभर एकाच वेळी उगवतो, तिथल्या माणसाला सकाळची एवढी भीती कशाची? तो इथल्या उजाडण्याला भीत होता. इथल्याच. या आभाळाखालच्या. कोकिळा खुर्चीत बसली. 'पप्पा' घड्याळाची टिकटिक घरच्या घड्याळाच्या टिकटिकीत मिसळून येत होती आणि आता कुठली कुठल्याची, ते तिला ओळखता येईना.

मग एक एक गोष्ट आपोआप दारात येऊन उभी राहू लागली. लॅबच्या गाडीवरचा सुकदेव शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला रोपं टाकून आला आणि चहा पिता पिता सांगू लागला की तिकडं पावरा आदिवासींच्या वस्तीत एक दाढीवाला साहेब आहे, भुरा नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यातल्या खोलीत राहतो, पावसावरच्या जमिनीत ठिबक शिकवतो. बोलायची ढब थेट आपल्या भूपेंद्रभाऊंची. "ताई, मी तर हाक मारणार होतो, पण म्हटलं भाऊ विमानानं गेलेले, इथं कुठून पिकतील," असं म्हणून तो स्वतःच हसला. कोकिळाही हसली. हसल्यावर तिला कळलं की आपला जबडा दुखतोय. होळीला ती गावी गेली. आबांनी पोरीला जवळ घेतलं, गव्हाचं सांगितलं, विजेला शिव्या दिल्या. पण तिकडं किती वाजले, ते विचारलं नाही. संक्रांतीपासून विचारलंच नव्हतं. तिला आता आठवलं. निघताना त्यांनी कागदात बांधलेला डिंक दिला, मधाच्या रंगाचा, झाडावरून नुकता काढल्यासारखा. डिंक असा सातपुड्याच्या रानातून येतो. कुठून आणला, तिनं विचारलं. बाजारातून, म्हणून आबांनी पागोट्याला हात लावला, जो आधीच नीट होता. आणि एसटी आल्यावर, पोर चढल्यावर, ते हळू आवाजात म्हणाले, "भूप्याले फोनवर जास्ती इचारू नको, बेटा. तठे त्याले काम ऱ्हास."

म्हणजे आबाही. लाडू वळताना तिनं तो डिंक तुपात सोडला, तो टचटच फुलत गेला आणि ती बघत राहिली. सासरा सामील, कदाचित गावही सामील, कदाचित सुकदेव ते मुद्दाम सांगून गेला. आपण तेवढ्या काचेच्या आत.

पाडव्याआधीच्या रविवारी पोरीला मैत्रिणीकडं सोडून ती बसस्टँडवर गेली. शिरपूरची गाडी लागलेली होती. तीन तासांचा रस्ता. विमान नको, व्हिसा नको, पाण्याची बाटली घेतली की झालं. कंडक्टरनं विचारलं, बसायचं का ताई. तिनं पाय उचललाही. तिच्या डोळ्यांपुढं ते खळं होतं, चहा घेऊन येणारा बांगड्यांचा हात होता, हाताच्या पुढं मात्र चेहरा नव्हता. आणि तो, दाराशी, दाढीत, तिला बघून उठणारा. उठल्यावर काय? इथं तिचं चित्र थांबायचं. बाटलीतलं रोप एकदम उन्हात काढलं तर दुपारपर्यंत त्याची चिंधी होते, हे तिनं नव्या पोरींना शंभर वेळा शिकवलं होतं. आधी ओलसर सावली, मग जाळीखालचा उजेड, मग ऊन. याला लॅबमध्ये हार्डनिंग म्हणत. पण त्यात जीव कुणाचा जपायचा होता, त्याचा की तिचा? गाडी हलली. ती खालीच राहिली, आणि गाडी वळून गेल्यावर तिला वाटलं की आपण भ्यालो, आणि या भित्रेपणाला शहाणपणाचं नाव देतोय.

पाडव्याच्या आदल्या पहाटे पाच चाळीसला फोन आला. तोच बल्ब. तो म्हणाला, आज तिकडं दिवसभर ढग होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्याकडं आत्ता अंधार आहे?" तिनं विचारलं.

"हो. सव्वासात वाजताहेत की."

"इकडंही आहे."

कुठंतरी कोंबडा आरवला. तिच्याकडचा नव्हे, तिच्या चौथ्या मजल्याजवळ कोंबडा नव्हता. कोंबड्याला भूपेंद्रनं सांगितलेली वेळ ठाऊक नव्हती. त्याचा चेहरा तिला दिसत होता आणि पहिल्यांदाच तो तिच्याकडं बघत नव्हता, पडद्याच्या कोपऱ्यात छापलेल्या वेळेकडं बघत होता.

"उद्या उजाडल्यावर फोन करा," कोकिळा म्हणाली.

"कुठं उजाडल्यावर?"

"जिथं असाल तिथं."

फोन तिनंच ठेवला. त्याआधी एवढं दिसलं की त्यानं तोंड उघडलं होतं आणि थंडी सरल्यामुळे आता त्यातून काहीच निघालं नव्हतं.

पाडव्याच्या दिवशी ती पाचलाच उठली. पाच चाळीस झाले, फोन वाजला नाही. पावणेसहा, सहा. तिनं काठी धुतली, हळदकुंकू लावलं, जरीचं कापड, कडुलिंबाचा डहाळा, गाठी, वर तांब्या. गच्चीवर गुढी बांधताना हात सुतळीवर आणि कान पदरात खोचलेल्या मोबाइलवर. आता तो कधीच करणार नाही. आता तो गाडीत बसून आणखी पुढं जाईल, सेंधव्याला, इंदूरला, जिथं सुकदेवची गाडी जात नाही. तिनं सांगायला नको होतं. खोटं का होईना, रोज पहाटे एक तोंड दिसत होतं. शहर खाली निळं पसरलेलं. मग दाळमिलच्या पत्र्यांमागून सूर्याची कड वर आली, आणि गुढीच्या तांब्यावर एक लाल ठिणगी बसली. तिला आई आठवली. भावाचं गाव पश्चिमेला म्हणून आई अंगण सारवताना सूर्याला म्हणायची,

दिस उगवे माझ्या दारी, मंग जाई भावाघरी,
मधी घेतो इसावा, पानी पितो नदीवरी.

लहानपणी तिनं विचारलं होतं, किती वेळ थांबतो पाणी प्यायला? आई म्हणाली होती, तुझी वेणी अर्धी होईल एवढा. जळगावाहून शिरपूर पश्चिमेला, मधे तापी. परवा रात्री दिपमालाच्या भूगोलाच्या पुस्तकावरून तिनं हिशेब करून पाहिला होता. साडेदहा तास नव्हेत. जेमतेम तीन मिनिटं.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. पहिल्या मिनिटात सूर्य पत्र्यांवरून सुटला. त्या मिनिटात ती त्याच्यावर मनसोक्त चिडली. दुसऱ्यात तिनं बांगड्यांच्या हाताला नाना चेहरे लावून पाहिले, तरुण, देखणे, आणि एकही टिकेना. तिसऱ्या मिनिटात ती नुसती वाट बघत होती, इतकी उघडी की कुणी पाहिलं असतं तर तिला लाज वाटली असती. सूर्य आता तापीवर असेल. पाणी पीत असेल.

फोन वाजला.

पडदाभर उजेड, इतका की आधी काहीच दिसेना. मग डोंगराची रेघ, गवती छप्पर, बांधावरच्या राखेचा काळा पट्टा, त्यामागं ती केळ, गळ्यात घड अडकलेली. आणि पुढं तो, बाजेवर, डोळे मिचकावत. ऊन त्याच्या कपाळापर्यंतच आलं होतं, दाढी अजून सावलीत होती. कोकिळानं आधी त्याच्याकडं पाहिलंच नाही; सवयीनं तिनं त्याच्या मागचं अंगण कानाकोपऱ्यासकट झाडून पाहिलं. दोन पेले. एक बाई, चुलीशी वाकलेली, पन्नाशीची, केस पिकलेले.

"त्या कोण?"

"गुंताबाई. भुराची बायको." त्यानं घसा खाकरला. "कार्तिकातच तिथलं काम बंद झालं, सगळ्यांना परत पाठवलं. मुंबईहून गाडीनं आलो. धुळ्याला उतरायचं होतं, जळगावची गाडी धरायला. उतरलोच नाही. धुळं गेलं तरी बसून राहिलो. तो चौकातला फलक... अजून आहे?"

"वाऱ्यानं फाटला. आबांनी काठ्या नेल्या वालाच्या वेलाला."

गुंताबाईनं मागं वळून पाहिलं आणि विचारलं, कोणशी बोलतो भाऊ. तो कोकिळाकडं बघत होता, की ती आता फोन ठेवते की काय. तिलाही ते अजून ठाऊक नव्हतं. एकदा खोटा ठरलेला चेहरा खऱ्या उन्हातसुद्धा लगेच खरा वाटत नाही. त्याची प्रत्येक सुरकुती ती तपासून घेत होती, ही आधी होती का, ही नवी का. ऊन त्याच्या नाकापर्यंत उतरलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून, नऊ महिन्यांच्या सवयीनं, त्यानं विचारलं, "किती वाजले तिकडं?"

कोकिळानं मान वळवून आपल्या सूर्याकडं पाहिलं. तो टीचभर वर आला होता.

"तुमच्याइतकेच," ती म्हणाली. "पण मी तीन मिनिटं आधीपासून उभी आहे."